आमच्या घरात हलकं लिनक्स

अगं, जवळ ये. चष्मा लाव आणि हे नीट वाच, कारण भिशीत तू मला बोलू दिलं नाहीस. सगळ्या जणींसमोर म्हणालीस, "हिला या वयात लिनक्स झालाय." झालाय म्हणजे? त्या काय कांजिण्या आहेत, अंगावर उठायला? तू हसलीस, मग सगळ्या हसल्या, मीही हसले. पण वर तू "आता आपलं वय का असलं करायचं" असंही जोडलंस, ते मला लागलं. तुझं वय झालं असेल तर तू झोप. मला त्यात कशाला ओढतेस? असं बोलू नये गं. निदान झालं काय होतं ते विचारून तरी घ्यायचं. तू विचारलं नाहीस, म्हणून लिहून काढलं.

आमच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. मुलानं कॉलेजात असताना घेतलेला. मुलगा हैदराबादला गेला, त्याचा लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला आणि हा डबा माझ्या वाट्याला आला. त्यावर मी ग्राफ काढते. तुला माहीत असेल, पण हे भिशीत फिरलं तर वाचणाऱ्या सगळ्यांना असेलच असं नाही, म्हणून सांगते. टॉवेलच्या किंवा चादरीच्या काठावर जी वेलबुट्टी असते ना, ती आधी चौकटीच्या रेघांवर काढावी लागते. एक चौकोन भरला तर तो धागा वर, मोकळा ठेवला तर खाली. तो ग्राफ कारखान्यात गेला की माग तसाच विणतो. लग्न होऊन आले तेव्हा हे काम घरात कागदावर चालायचं, मी बघत बघत शिकले. मागं मुलानं कॉम्प्युटरवर कसं काढायचं ते दाखवलं, आणि बाकीचं मी चुकत चुकत उचललं.

आमचे माग कधीच विकले. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक कारखानदार अजून माझ्याकडून काठाचे ग्राफ घेतात. घरात बसून माझ्या हातची कोयरी कुणाच्या तरी खांद्यावरच्या टॉवेलवर जाते, याचा मला किती आनंद आहे ते मी कुणाला सांगत नाही. तुला सांगते.

तर तो डबा म्हातारा झाला. आतली सिस्टीम जुनी होती, ती मुलानं सुट्टीत येऊन नवी केली आणि तिथंच घोळ झाला. नव्या सिस्टीमचं ओझं त्याला पेलेना. एक चौकोन भरायला मी माऊस दाबायची आणि चष्मा पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत तो काळा व्हायचा. एका काठाला किती चौकोन लागतात? मोजायच्या भानगडीत पडू नकोस.

आणि नेमका तेव्हाच कारखानदारांचा फोन.

"काकू, दसऱ्यानंतर नवा माल लावायचाय. ग्राफ कधी देताय?"

"देते की."

"गेल्या टायमालाबी असंच म्हणला होता. जमत नसंल तर सांगा की, दुसरीकडनं घेतो. राग न्हाय."

राग नाही, असं ते म्हणाले. मी फोन ठेवून तिथंच बसून राहिले. एकदा दुसऱ्याकडून घेतला की परत आपल्याकडं कोण येतं?

तू म्हणशील, मोबाइलवर काढ. काढून बघितलं. त्यात चौकोन मोहरीएवढा आणि माझं बोट भेंडीएवढं. कागदावर काढून दिला असता, तर कागद आता कुणी घेत नाही, फाइलच लागते. नवा कॉम्प्युटर मुलाला मागितला असता तर त्यानं दिला असता, पण मग "आई, तुला हा खटाटोप हवाच आहे का" हे चार वेळा ऐकावं लागलं असतं. ते मला नको होतं.

आमच्या ह्यांना तर तो कोपराच हवा होता. "दसरा काढताना हा डबा भंगारवाल्याला देऊन टाकू," म्हणाले. "तिथं दिवाण टाकू. दुपारी पाठ टेकायला बरं."

नवरात्राच्या आधी आपल्याकडं दसरा काढतात, गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळं घासूनपुसून निघतं, त्यात काय काय घराबाहेर जातं तुला माहीत आहे. म्हणजे माझ्याकडं तेवढीच मुदत.

मी तो डबा टॉवेलात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि रिक्षानं नवी पेठेत गेले. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "आजी, देव हाय का काय?"

"व्हय," म्हटलं, "पण सध्या जागृत नाही."

दुकानदारानं झाकण उघडलं, आत बघितलं, धूळ फुंकली. "आजी, दोन जीबी मेमरी हाय. आता ह्यात काय राम न्हाय. नवीन घ्या की."

"आणखी मेमरी घालता येत नाही का?"

"ह्या जातीची आता मिळंना झाली." त्यानं झाकण लावून दिलं आणि चहाही पाजला. माणूस चांगला होता, उत्तर वाईट होतं.

ही मेमरी म्हणजे काय ते मला नंतर कळलं. कपाट वेगळं आणि ओटा वेगळा. कपाटात वस्तू राहतात, पण काम ओट्यावर होतं. माझ्या डब्याचं कपाट मोठं होतं, ओटा हातभर. नव्या सिस्टीमनं त्या हातभर ओट्यावर आधीच परात, पाटा, मिक्सर मांडून ठेवला होता. मी पोळपाट ठेवणार कुठं?

हे सांगितलं माझ्या भाचीनं. भावाची मुलगी, पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. आमच्या घरात तेलुगू, त्यामुळं ती मला आत्या न म्हणता अत्ता म्हणते. तिच्या पुण्याच्या मैत्रिणींना वाटतं ही फोनवर सारखी "आत्ता, आत्ता" करून कुणाला घाई लावतेय. तर ती म्हणाली, "अत्ता, मशीन मुळीच टाकू नकोस. त्यावर लिनक्स टाक. फुकट असतं. फक्त डिस्ट्रो हलकं निवड."

"डिस्ट्रो म्हणजे?"

"लिनक्स म्हणजे सूत समज. त्याच सुतातनं कुणी टॉवेल विणतं, कुणी चादर, कुणी सतरंजी. प्रत्येकाचा माल वेगळा. त्या एकेका मालाला डिस्ट्रो म्हणायचं. तुला हलका माल पाहिजे."

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"काय म्हणाली ती? हलका माल?"

आता इथं तुला आमच्या घराचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं हलका माल ही शिवी आहे. चादर हातात घेतली की आधी तळहातावर तोलायची, मग रंग बघायचा. वजन भरलं तर माल, नाही भरलं तर गाळणं. आमचे हे लग्नाला गेले तरी आहेरात आलेला टॉवेल आधी हातावर तोलतात आणि मग यजमानाला नमस्कार करतात. मला बघायला आले होते तेव्हा आमच्या वडिलांनी अंथरलेल्या चादरीचं टोकसुद्धा ह्यांनी उचलून बघितलं होतं. मला नंतर बघितलं. आणि अशा घरात पोरगी सांगते, हलकं टाक.

"आपण काय हलके लोक आहोत?" हे म्हणाले. तेलुगूत म्हणाले, त्यात ते आणखी लागतं. आम्ही भांडतो तेलुगूतच, इथं मराठीत लिहितेय एवढंच.

मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू? भाचीनं दोनतीन नावं पाठवली होती, तिथं प्रत्येकाच्या फाइलचा आकार लिहिलेला. मी मनात म्हटलं, पोरीनं आपल्या म्हातारीसाठी स्वस्तातलं सुचवलंय, कमीपणा नको म्हणून बोलली नाही. तिची यादी ठेवली बाजूला आणि इंटरनेटवर शोधून सगळ्यात मोठी फाइल कुणाची आहे ते बघितलं. जितकी फाइल जड तितका माल भारी. आपल्याकडं चांगल्या गोष्टीला भारीच म्हणतात की नाही? मग?

ती फाइल त्याच मरतुकड्या डब्यावर उतरवायला अख्खा दिवस गेला. ती पेनड्राइव्हवर कशी घालायची ते भाचीनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, कुठली फाइल ते मी तिला दाखवलं नाही. एक गोष्ट मात्र फार चांगली आहे बघ यात. पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करून बघता येतं, आतल्या सामानाला हात लागत नाही. साडी अंगावर टाकून आरशात बघावी आणि परत घडी करून दुकानदाराला द्यावी, तसं.

ह्या डिस्ट्रोंची नावं इंग्रजी आणि चमत्कारिक, त्यामुळं आम्ही आमची नावं ठेवली. पहिलं सुरू झालं आणि काय तो थाट! मागं डोंगराचं चित्र, कडा गोल, काचेसारखे पडदे, सगळं तरंगत तरंगत येतंय. हे म्हणाले, "नवरदेव दिसतोय." तेच नाव पडलं. मी मेनूवर दाबलं. मेनू उघडायला लागला. मी आत जाऊन आमटीला फोडणी देऊन आले, तो अजून उघडतच होता.

भाचीला फोन केला. "अगं, हे चालेना."

"कुठलं टाकलंस?"

"सगळ्यात भारी."

पलीकडं ती इतकी हसली की तिच्या शेजारच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. "अत्ता! त्या बिचाऱ्याची पाठ दुखतेय आणि तू त्याच्या डोक्यावर कपाट ठेवलंस!"

मग मी रागानं उलटं टोक गाठलं. तिच्या यादीतली सगळ्यात लहान फाइल घेतली. तिच्यावर कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र होतं, म्हणून ते पिल्लू. पिल्लू खरंच उडी मारून उठलं! माऊस दाबला की चौकोन काळा, दाबला की काळा. पण मराठी लिहिलेलं काही उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ह्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता तुला काय करायचं राहिलंय? ग्राफ तयारच आहे."

ते मराठीचं काही करता आलं असतं, अक्षरं वेगळी घालायची असतात. पण पिल्लाची एक खोड मला माहीत नव्हती. ते पेनड्राइव्हवरून चालतं तेव्हा सगळं ओट्यावरच ठेवतं. बंद करताना, कपाटात ठेवू का म्हणून विचारतं. मला इंग्रजी वाचता येतं, पण मी वाचलं नाही. घाईत नको म्हटलं. काठाचा अर्धा ग्राफ काढला होता गं, कोयरीच्या आतली जाळीसुद्धा. सकाळी उघडलं तर जाळी नाही, कोयरी नाही, नुसतं पिल्लू बसलेलं.

त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "बोलवा भंगारवाल्याला. टाका तुमचा दिवाण."

आणि हे उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेले. जिंकलेला माणूस कधी चहा करतो? म्हणजे माझं तोंड कसलं झालं असेल बघ.

दुसऱ्या दिवशी मैंदर्गीला लग्न होतं, ह्यांच्या जुन्या मित्राच्या घरचं. नवऱ्यामुलाला सुट्टीच तेवढी, म्हणून चातुर्मासातच उरकलं. मला जायचं नव्हतं, पण गेले. जेवणं झाली, टॉवेल-टोपीचा आहेर झाला. ह्यांनी मांडवातच टॉवेल तोलला आणि डोळे मोठे केले. एसटीत बसल्यावर तो माझ्या हातावर ठेवला. "बघ. याला म्हणतात वजन. असला माल आता कोण काढतंय?" सगळ्या रस्त्यानं तो टॉवेल मांडीवर. शेजारच्या सीटवरच्या माणसालाही तोलायला दिला. तो बिचारा म्हणाला, "लई भारी हाय की."

घरी आल्यावर ह्यांनी तो स्वतः बादलीत भिजवला, मला हात लावू दिला नाही. थोड्या वेळानं मोरीतनं हाक आली. जाऊन बघते तर बादलीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं, आणि ह्यांच्या हातात टॉवेल लोंबतोय, त्यातनं पलीकडची खिडकी दिसतेय.

"खळ," हे म्हणाले. असं म्हणाले की कुणी गेल्याचा निरोप सांगावा. "सगळं वजन खळीचं, सुताला चोपडलेल्या कांजीचं. धागा काही नाहीच. पाणी लागलं आणि उतरला."

"म्हणजे भारी असून हलका?"

"भारी कुठला? वजन धाग्याचं धरायचं असतं. खळीचं नव्हे. धुऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मी मांडवात..." एवढ्या वर्षांच्या हाताला एका आहेराच्या टॉवेलानं फसवलं होतं.

मी तशीच ओल्या फरशीवर उभी. म्हटलं, "अहो, मग त्या नवरदेवातसुद्धा खळच होती. ते तरंगणं, त्या गोल कडा, ते डोंगर. आणि पोरगी हलकं म्हणत होती ते खळ काढलेलं."

ह्यांनी टॉवेल पिळला. माझ्याकडं बघितलं नाही. "मग धुऊन बघ की."

लगेच भाचीला फोन. म्हटलं, "हे बघ, कुठलं लिनक्स किती खळ घालतंय ते मला कसं कळणार? काहीच न उघडता, उपाशीपोटी, ते किती मेमरी खातं?"

"अत्ता," ती म्हणाली, "हा प्रश्न आमच्या ऑफिसात कुणी इतका सरळ विचारत नाही." आणि तिनं एक काळी खिडकी उघडून त्यात एक छोटा शब्द लिहायला शिकवला. लिहिला की ओटा किती भरलाय आणि किती मोकळा आहे ते आकड्यात येतं. शब्दाचा अर्थ मोकळा असाच आहे म्हणे.

मग आम्ही दोघं बसलो. हो, दोघं. ह्यांनी स्वतः खुर्ची ओढली. नवरदेव सुरू केला, काही उघडलं नाही, नुसता शब्द लिहिला. अर्ध्याहून जास्त ओटा त्यानं आधीच व्यापलेला! "खळ," हे म्हणाले. मग भाचीच्या यादीतलं मधलं घेतलं, ज्याच्या मेनूच्या कोपऱ्यात उंदराचं चित्र होतं. ना डोंगर, ना काच. साधी पट्टी, साधे चौकोन, धुतलेल्या पंच्यासारखं. शब्द लिहिला. बहुतेक ओटा मोकळा! ह्यांनी पडद्यावरचा आकडा बोटानं दाबून बघितला, जसं काही तो खोटा चिकटवलाय.

"धागा बघ आता," म्हणाले.

धागा म्हणजे आमचं काम. मी चित्र काढायचं सॉफ्टवेअर उघडलं, चौकटीच्या रेघा लावल्या, माझे जुने ग्राफ एकेक उघडले. उघडले. मराठी नीट दिसलं, काना-मात्रेसकट. पुढच्या चौकोनावर दाबलं, काळा. आणखी एक, काळा. ह्यांनी डब्यावर तळहात ठेवला, चादरीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "तापला नाही." आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

भाचीनं एक बजावलं ते तुलाही सांगते, कधी उपयोगी पडेल. इंटरनेट बघायचं जे सॉफ्टवेअर असतं, ब्राउझर, ते सगळ्यात खादाड. डिस्ट्रो कितीही हलकं घेतलं आणि ब्राउझरमध्ये दहा पानं उघडून ठेवली, तर परत ओटा भरला. ग्राफ काढताना मी ते बंदच ठेवते.

मग कायमचं टाकायचं आलं. जुने ग्राफ दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतले, दोनदा तपासले, पिल्लानं शहाणं केलं होतं ना. मशीन विचारत होतं, आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? या वेळी मी प्रत्येक शब्द वाचला. तरी बोट पुढं जाईना.

"दाब," हे म्हणाले.

"गेलं तर?"

"गेलं तर दिवाण आहेच. दाब."

दाबलं. आणि गेलं काही नाही.

काठाचा तो ग्राफ मी नव्यानं काढला. खरं सांगू? हरवलेल्यापेक्षा चांगला झाला. जाळी आधी कोंबल्यासारखी झाली होती, या खेपेला मोकळी आली. कारखानदारांना फाइल पाठवली. त्यांचा फोन आला, "काकू, लौकर दिलासा की! नवा कॉम्प्युटर घेतला व्हय?"

"नाही," म्हटलं, "जुनाच धुतला."

त्यांना काही कळलं नाही. पण पुढचा ग्राफही मीच द्यायचा, असं ठरलं.

दसरा काढताना भंगारवाला आला तेव्हा ह्यांनीच त्याला दारात सांगितलं, "कॉम्प्युटर द्यायचा नाही. चालू आहे." त्याला एक तुटका पंखा आणि दोन पत्र्याचे डबे दिले. आता दुपारी पाठ टेकायच्या वेळेला हे माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि "तो धागा एक घर डावीकडं घे" म्हणून सतावतात. काठ झाला, आता त्यांनी माझ्या मागं लागून पूर्ण चादरीचा ग्राफ काढायला लावलाय. मधोमध मोर. मोर जमलाय, पण मानेला बाक येत नाही. हे म्हणतात बदक झालंय, मी म्हणते तुमची नजर गेलीय, आणि आमचं तिथंच अडलंय.

तुझा रांगोळीचा हात आहे, तुला वळण कळतं. या आठवड्यात ये. भिशीची वाट बघू नकोस, दुपारचीच ये, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करते. चष्मा घेऊन ये. ग्राफ कारखान्यात जायच्या आत त्या मानेचं काहीतरी करू. लवकर ये गं.